एका मताचं गाव

निवडणुकीची ड्युटी केलेला माणूस भेटला की लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. पैसे कसे वाटतात, बोगस मत कसं पकडता, पेट्या खरंच पळवतात का. माझी सगळी नोकरी तहसील कचेरीत गेली. पुरवठा शाखा, कुळकायदा, परत पुरवठा आणि शेवटी निवडणूक शाखा असं फिरत फिरत मी अव्वल कारकून म्हणून बाहेर पडलो. मतदान केंद्रावर केंद्राध्यक्ष म्हणून किती वेळा बसलो ते आता मोजत नाही. या वर्षीच्या अंकासाठी संपादकांनी ‘काहीतरी गमतीदार लिहा’ म्हणून गळ घातली. गमतीदार पुष्कळ आहे, पण मला सारखं आठवतं ते दुसरंच. ज्यांनी येऊन कुणालाच मत दिलं नाही, ती माणसं आठवतात.

आता मशीनवर सगळ्यात खाली ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असं बटण आलंय. ते दाबलं की झालं, कुणाला पत्ता लागत नाही. पण हे फार अलीकडचं. आमच्या वेळी कुणीही नको असेल तर काय करायचं, याचा ज्यानं त्यानं आपापला मार्ग काढलेला असायचा.

नव्वदच्या दशकात कागदी मतपत्रिका होत्या. मतमोजणी तालुक्याच्या सरकारी गोदामात व्हायची. पोत्यांचा वास, डोक्यावर गरगरणारे पंखे आणि जाळीपलीकडं उमेदवारांची माणसं. कुठल्या गावानं कुणाला मत दिलं हे कळू नये म्हणून आमच्याकडं वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एका मोठ्या पिंपात ओतून कालवायचे आणि मग गठ्ठे बांधायचे. फुलीचा शिक्का नीट नसला, दोन ठिकाणी असला किंवा नसलाच, तर मत बाद. बाद मतांच्या टेबलावर बसायला मला आवडायचं. एकानं सगळ्या नावांवर शिक्के मारून खाली लिहिलं होतं, ‘कुणाचंच मन मोडायचं नाही.’ एकानं मतपत्रिकेला चुन्याचं बोट पुसलं होतं. एका बाईनं, बाईच असणार, सगळ्या चिन्हांना कुंकू लावलं होतं. एकदा एका मतपत्रिकेवर बारीक अक्षरात अर्जच लिहिलेला निघाला, की गावाला रॉकेल वेळेवर मिळत नाही, चौकशी व्हावी. मी तेव्हा पुरवठा शाखेत होतो. गपचूप ती बादच्या गठ्ठ्यात सरकवली आणि पुढची उचलली.

यावर हसायला यायचं. पण कोरी मतपत्रिका निघाली की हसू थांबायचं. घड्या अगदी नीट घातलेल्या आणि आत काहीच नाही. माणूस आला, रांगेत उभा राहिला, बोटाला शाई लावून घेतली, आडोशाला गेला, शिक्का हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. तेवढा वेळ तो तिथं काय बघत उभा असेल? एकदा अशा कोऱ्या मतपत्रिका एकामागून एक इतक्या निघाल्या, की आमच्या टेबलावरची बडबड आपोआप बंद झाली. कुणीतरी आपल्याकडं एकटक बघत उभं आहे असं वाटायला लागलं, आणि शेजारचे साहेब उगाचच उठून पाणी प्यायला गेले.

खरं सांगायचं तर मला या माणसांचा रागही यायचा. आमची वस्ती गावाच्या कडेला होती, आणि तिथं मताला फार मान. माझी आई मतदानाला ठेवणीतलं लुगडं नेसायची. मत देऊन आली की दिवसभर बोटाची शाई पाण्यापासून जपायची. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कुणी विचारलं नव्हतं त्यांना मत म्हणजे काय ते ठाऊक असतं, असं माझं म्हणणं होतं. तेव्हा कोरा कागद टाकणारा माणूस मला माजलेला वाटायचा.

मग मशीन आलं आणि कोरं मत संपलं. मशीनमध्ये कोरं काही टाकताच येत नाही. बटण दाबलं की मशीन ‘पींऽऽ’ असं लांबलचक ओरडतं, तेव्हा मत नोंदलं जातं. ज्याला कुणालाच द्यायचं नाही, त्याच्यासाठी नियम होता. त्यानं नोंदवहीत सही करायची, शाई लावून घ्यायची आणि केंद्राध्यक्षाला तोंडानं सांगायचं की मला मत द्यायचं नाही. मग केंद्राध्यक्षानं त्याच्या नावापुढं तसा शेरा मारायचा आणि त्याखाली परत त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. समोरच्या बाकावर उमेदवारांचे एजंट बसलेले असतात, ते हे सगळं बघत असतात. म्हणजे मत दिलं तर ते गुप्त, आणि नाही दिलं तर सगळ्या गावात उघड. प्रशिक्षणाला शिकवणारे साहेब म्हणाले होते, हा नियम नुसता माहीत असू द्या, वापरायची वेळ कुणावर येत नाही.

ती माझ्यावर आली.

विधानसभेची निवडणूक होती. माझं केंद्र तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पोटातल्या एका लहान गावात होतं. गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची लिहितो ती बदललेली आहेत. अलीकडं डांबरी रस्ता, मग ओढा आणि ओढ्यापलीकडं गाव. पूल नव्हता. पाऊस संपल्यामुळं पाणी गुडघ्याएवढंच होतं. आमच्याबरोबरच्या पोलिसानं मशीनची पेटी डोक्यावर घेतली, आम्ही पँटी वर केल्या आणि दिवस मावळायच्या आत पलीकडं गेलो. म्हाळाचे, पितृपक्षाचे दिवस होते. या पंधरवड्यात आमच्याकडं संध्याकाळी कुठल्याही गावात शिरा, तळणीचा वास येतो. इथं वास नव्हता आणि धूरही नव्हता. एकाही घरावर धुराची रेघ नाही. माणसं होती, दारात बसलेली होती, गुरं बांधलेली होती, पण कुणी चकार शब्द बोलत नव्हतं. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत.

शाळेच्या दारात एक म्हातारे गृहस्थ आमची वाट बघत उभे होते. दादू आप्पा, गावचे जुने सरपंच. आप्पांनी खोली दाखवली, पाण्याची घागर दाखवली. माझ्याबरोबर माने गुरुजी होते, शाई लावायचं काम त्यांच्याकडं. गुरुजींना चहाशिवाय चालायचं नाही, त्यांनी चहाचं विचारलं. आप्पा म्हणाले, “चूल पेटलेली न्हाय, साहेब. गावात मयत हाय.”

आमच्या भागात ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. गावात मयत असलं की ते उचलून नेईपर्यंत कुणाच्याच घरात चूल पेटत नाही. मी ओशाळलो. कोण वारलं, म्हणून विचारलं. आप्पा नुसतं “हाय” म्हणाले. कधी उचलणार, म्हणून विचारलं, तर म्हणाले, मतदान झालं की. आणि निघून गेले.

आम्ही पिशवीतला चिवडा खाल्ला. गुरुजी दारात जाऊन कान देऊन आले आणि म्हणाले, साहेब, मयत झालंय तर कुणी रडत कसं नाही? मी त्यांना म्हटलं, झोपा. मला तरी कुठं झोप लागली होती!

सकाळी मतदान सुरू करायच्या आधी मशीनची चाचणी घ्यायची असते. एजंटांच्या समोर बटणं दाबून दाखवायची आणि मग सगळं पुसून शून्य करायचं. त्या गावात एकच एजंट आला होता. शेजारच्या गावचा सुभाष, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. तो तालुक्यातल्या मोठ्या नेत्याचा माणूस, आणि नेता स्वतःच उमेदवार होता. चाचणीत मशीन ओरडलं तेव्हा आवाज डोंगरावर जाऊन परत आला. त्या शांततेत तो फार मोठा वाटला.

मग रांग लागली. आख्खं गाव आलं. बाप्ये, बाया, काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्या, आणि प्रत्येकाच्या कपाळावर भंडारा. पिवळी कपाळं एकामागं एक उभी. सगळ्यात पुढं दादू आप्पा. त्यांनी सही केली, बोट पुढं केलं, गुरुजींनी शाई लावली. मग माझ्यासमोर येऊन म्हणाले, “मला मत द्यायचं न्हाय. लिवा.”

मला आधी वाटलं म्हातारा रुसलाय. मी समजावून सांगितलं, मत गुप्त असतं, ज्याला द्यायचं त्याला द्या, वाया घालवू नका. ते शांतपणे उभे राहिले. परत तेच म्हणाले. मी शेरा लिहिला, त्यांनी सही केली. त्यांच्यामागं त्यांची कारभारीण, तेच. तिच्यामागं त्यांचा लेक, तेच. मग मी समजावणं सोडून दिलं. पुढं पुढं तर कुणी वाक्यसुद्धा पुरं बोलेना. नुसतं माझ्या तोंडाकडं बघायचे आणि अंगठा पुढं करायचे. मशीन माझ्या शेजारच्या टेबलावर मुकं पडून होतं. खोलीत आवाज म्हणजे माझ्या पेनाची कुरकुर आणि ओट्यावर चपला काढल्याची फटफट.

सुभाष सुरुवातीला गालात हसत होता. नंतर त्याचं हसू गेलं आणि तो एका कागदावर नावं लिहायला लागला.

दुपारी मी दारापर्यंत गेलो आणि बघितलं. नकार देऊन गेलेलं एकही माणूस घरी गेलेलं नव्हतं. शाळेसमोर उंबर होता. त्याच्या सावलीत सगळं गाव बसलं होतं, बाप्ये एका अंगाला, बाया एका अंगाला, आणि सगळ्यांची तोंडं शाळेच्या दाराकडं. कुणी तंबाखू मळत नव्हतं, कुणी पोराला दटावत नव्हतं. मयताच्या दारात बसतात तशी माणसं बसलेली. आणि मयत आतल्या खोलीत असावं तशी ती आमच्याकडं बघत होती.

माझ्या रागाचा पारा चढलेलाच होता. मी आप्पांना ओट्यावर बोलावून घेतलं आणि हे काय चालवलंय म्हणून विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही.

त्या गावाचं स्मशान ओढ्याच्या अलीकडं, रस्त्याच्या बाजूला. त्या पावसाळ्यात हिराबाई नावाची एक म्हातारी वारली आणि त्याच दिवशी ओढा फुगला. मयत ओढ्यापार नेता येईना. एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. म्हातारी घरात आणि गावात एकही चूल पेटलेली नाही. पोरांना कच्चे पोहे पाण्यात भिजवून दिले. वास यायला लागला तेव्हा घराघरातला ऊद गोळा करून जाळला, तोही संपला. हिराबाईचा एकुलता लेक केरबा आईच्या उशाला बसून माशा वारत होता. नेत्याकडं निरोप धाडला, तर तिकडून उत्तर आलं की पाणी उतरलं की बघू. या ओढ्यावर पूल बांधायचा म्हणून दोन निवडणुकांना दोनदा नारळ फुटला होता. शेवटी चौथ्या दिवशी पाणी कमरेला आलं, तेव्हा बाप्यांनी तिरडी डोक्याच्या वर धरून ओढा ओलांडला.

“पर आमच्या हिशेबानं ती अजून उचललेली न्हाय,” आप्पा म्हणाले. “ती गावातच हाय. म्हनून कालपास्नं चुली बंद.”

देवळात सगळ्या गावानं भंडारा उचलला होता. भंडारा उचलणं म्हणजे आमच्याकडं शपथेच्या पलीकडची गोष्ट. निवडणुकीत उमेदवारांची माणसंच गुपचूप लोकांना भंडारा उचलायला लावतात, हे मला ठाऊक होतं. इथं गावानं आपल्या आपण उचलला होता. केंद्रावर जायचं, पण बटण दाबायचं नाही. जो दाबेल तो गावाला मेला. नुसता बहिष्कार घातला तर सरकार म्हणतं लोक आळशी आहेत, म्हणून आलोय हे कागदावर यायला पाहिजे, असं त्यांना कुणा वकिलानं सांगितलं होतं.

माझा राग कुठल्या कुठं गेला. आत येऊन बसलो, तर आई आठवली आणि डोळे भरून आले. लुगडं नेसून मत द्यायला जाणारी माझी आई आणि कपाळाला भंडारा लावून नकार द्यायला आलेली ही माणसं एकाच जातकुळीची होती. एवढी साधी गोष्ट कळायला मला तिथवर जावं लागलं.

ऊन कलायला लागलं. यादीतलं एकच नाव उरलं होतं, केरबाचं.

सुभाषनं मला आपणहून सांगितलं की केरबा त्यांचाच माणूस आहे. रस्त्यापलीकडं नेत्याचं दूध थंड करायचं केंद्र होतं, तिथं केरबा कॅन धुवायला होता. कितीतरी वर्षं हंगामी. निवडणूक झाली की कायम करायची ऑर्डर निघणार होती. बायको, दोन पोरी आणि शेतीचा तुकडा एवढासा. तो आमचं मीठ खातो, तो काही नकार लिहून देणार नाही, असं सुभाष म्हणाला. तेव्हा मला त्या माणसाचं कोडं समजलं. त्यानं नकार दिला तर सुभाषच्या कागदावर नाव चढणार आणि नोकरी जाणार. बटण दाबलं, कुठलंही दाबलं, तर मशीन ओरडणार आणि ते दाराकडं तोंड करून बसलेल्या आख्ख्या गावाला ऐकू जाणार. दुसरं मत त्या मशीनमध्ये नव्हतंच, की याचा आवाज त्यात लपावा.

केरबा आला. हडकुळा, पस्तिशीचा, आईसाठी केस उतरवलेले ते नुकते वाढायला लागलेले. कपाळावर भंडारा होता, घामानं ओघळलेला. बाहेरून येताना त्याच्याकडं कुणी बघितलं नाही, सगळे दाराकडंच बघत होते. त्यानं सही केली. गुरुजींनी शाई लावायला बोट धरलं आणि माझ्याकडं बघितलं. नंतर ते मला म्हणाले, बोट बर्फासारखं गार होतं.

मी शक्य तितक्या हळू विचारलं, मत देणार का नकार आहे? त्यानं बाकाकडं बघितलं. तेवढ्यात बाकावरून सुभाष बोलला, अगदी मऊ आवाजात, घरच्यासारखा.

“केरबा, आवाज ऐकू दे बरं का.”

मी त्याच्यावर असा खेकसलो की पोलीस आत आला. परत तोंड उघडलं तर बाहेर काढीन, म्हणून दम भरला. पण बोलायचं ते बोलून झालं होतं. केरबानं माझ्याकडं बघून मान हलवली आणि पुठ्ठ्याच्या आडोशाकडं गेला. माझ्या शेजारच्या अधिकाऱ्यानं मशीन खुलं केलं. लाल दिवा लागला. मतदार बटण दाबेपर्यंत तो दिवा जळत राहतो.

दिवा जळत राहिला. आडोशाखाली केरबाचे पाय दिसत होते, ओढ्यातून आल्यामुळं ओले. ते हलत नव्हते. आत बाकी कुणी नव्हतं तरी तो पुटपुटल्यासारखा आवाज आला, माणूस कुणाशी तरी बोलतो तसा. गुरुजींनी डोळे मिटले होते. मी मनात म्हणत होतो, बाबा, बाहेर ये, मी नकार लिहितो, पुढचं पुढं बघू. आणि लगेच मनात यायचं, पुढचं तू काय बघणार आहेस?

मशीन ओरडलं.

दिवसभर दाबून ठेवल्यासारखा तो आवाज निघाला आणि डोंगरावर जाऊन परत आला. मी दाराकडं बघितलं. उंबराखाली सगळं गाव एकदम उठून उभं राहिलं. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. धोतराची धूळ झटकली, पोरं कडेवर घेतली आणि सगळे आपापल्या घरी गेले. थोड्या वेळात एका घरावर धूर दिसला. मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. सगळ्या गावात चुली पेटल्या आणि तळणीचा वास शाळेपर्यंत आला.

केरबा बाहेर येऊन ओट्याच्या पायरीवर बसला होता. दादू आप्पा किटली आणि कप घेऊन आले. त्याच पायरीवरून वर चढले, पण पायरीवर कुणी बसलंय असं त्यांच्या तोंडावर जराही दिसलं नाही. त्यांनी मला चहा दिला, गुरुजींना दिला, पोलिसाला दिला, सुभाषलासुद्धा दिला.

“घ्या, साहेब,” आप्पा म्हणाले. “आता चालतंय. मयत झालं आमचं मोकळं.”

केरबाला त्यांनी विचारलं नाही. रिकामी किटली घेऊन, त्याच्या खांद्याला धोतर घासत ते उतरून गेले.

मशीन बंद करताना मी आडोशाला गेलो. बटणांच्या ओळीत सगळ्यात खालच्या बटणावर भंडाऱ्याचा पिवळा ठसा होता. घामेजल्या कपाळावर हात फिरवून त्यानं त्याच बोटानं बटण दाबलं असणार. मी ते नाव दोनदा वाचलं. तो एक अपक्ष होता, चिन्ह कंदील, आणि तो पंधरवड्यापूर्वीच वारला होता. पक्षाचा उमेदवार वारला तर निवडणूक पुढं ढकलतात. अपक्ष वारला तर ढकलत नाहीत, आणि नावं छापून झालेली असली की ती तशीच राहतात. मी रुमाल काढून तो ठसा पुसला, सुभाष आत डोकावायच्या आधी.

पुसून काय उपयोग? मशीन आल्यापासून पिंपात कालवणं बंद झालं होतं. प्रत्येक केंद्राचं मशीन वेगळं मोजतात आणि आकडे मोठ्यानं वाचतात. मतमोजणीला मी हजर होतो. आमच्या केंद्राचं मशीन आलं, एकेका नावापुढं शून्य, शून्य असं वाचत गेले आणि शेवटच्या नावापुढं एक. जाळीपलीकडं कुणीतरी हसलं, की मेलेल्याला मत! सुभाष तिथंच होता. तो हसला नाही. त्यानं खिशातलं पेन काढलं.

नेता निवडून आला. आख्ख्या गावानं नकार लिहून दिल्याची बातमी पेपरात आल्यावर वरून सूत्रं हलली आणि पुढच्या पावसाळ्याआधी ओढ्यावर पूल झाला. चांगला झाला, मी जाऊन बघून आलो. गावानं जे मागितलं ते गावाला मिळालं. तरी त्या पुलावर उभं राहिल्यावर मला बरं वाटलं नाही, एवढं खरं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, निवृत्तीच्या जवळ मी निवडणूक शाखेत होतो, तेव्हा एक माणूस माझ्या टेबलापुढं येऊन उभा राहिला. अंगावर फौंड्रीतली काळी बारीक रेती. शिरोली एमआयडीसीत ठेकेदाराकडं कामाला होता आणि गेटपाससाठी मतदार ओळखपत्र लागत होतं. गावचं नाव सांगितल्यावर मी वर बघितलं. केरबाच होता. त्यानंही मला ओळखलं होतं. मी यादी बघितली. त्याचं नाव वगळलेलं होतं, कारणाच्या रकान्यात ‘मयत’. यादीची पाहणी करायला माणूस गावात गेला असणार, आणि गावानं त्याला तसं सांगितलं असणार. कुणी खोटं बोलतंय असं त्याला वाटलं नसणार. सगळ्या गावानं एकच सांगितलं असणार.

मला इतका संताप आला की मी तिथल्या तिथं तहसीलदारांकडं निघालो होतो. केरबानंच हात धरून बसवलं. भांडून काय करणार, म्हणाला, त्यात त्यांचं काय चुकलं न्हाय. मग मी कँटीनमधून चहा मागवला आणि इतक्या वर्षांचा अडकलेला प्रश्न विचारला, की कंदीलच का दाबलास?

“गाव म्हनत हुतं मयत हाय,” तो म्हणाला. “सुभाष म्हनत हुता आवाज पायजे. मी मयताला मत दिलं, आवाज बी झाला. मला वाटलं दोन्ही भागलं. आईला तसं सांगून मगच दाबलं की.”

नोकरी आठवड्यात गेली होती. गावात कुणी मारलं नाही की घर पाडलं नाही. नुसतं कुणाला तो दिसेना. दुकानात माल मिळेना, गिरणीत दळण घेईनात. विहिरीवर बायकोनं कुणाला हाक मारली तर उत्तर येईना. पोरी रडायला लागल्या तेव्हा त्यानं गाव सोडलं. एकदा पूल बघायला म्हणून गेला होता. आप्पा पुलावरच समोरून आले आणि त्याच्या अंगावरून गेले.

मी शिरोलीच्या पत्त्यावर नवीन नोंदणीचा अर्ज भरून दिला. त्यानं सही केली, कागद नीट घडी घालून खिशात ठेवला आणि उठला. मग दारातून परत आला. गावातल्या घरातून निघावं आणि आई जळली तिथंच आपलंही व्हावं असं वाटतं, म्हणाला, आणि आता पाण्याची अडचण राहिली नाही. पण तिरडी पुलावरून न्यायची तर माणसं पाहिजेत.

मी म्हटलं, “केरबा, माझ्या घरी निरोप पाठव. मी येईन खांदा द्यायला.”

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. माझं वय, माझा चष्मा, सगळं बघितलं, आणि मान हलवली.

“तुमी एक झाला,” तो म्हणाला. “आनखी तीन बघाय पायजेत.”